डावा खांदा, उजवी रायफल

रायफल उजव्यांसाठी बनवली आहे हे पहिली गोळी झाडताना जाणवत नाही. ते कळते दुसरी भरताना. ली-एन्फिल्ड घ्या, आपल्याकडे जिला नुसते ‘थ्री नॉट थ्री’ म्हणतात ती. तिच्या बोल्टची, म्हणजे नळीचे मागचे तोंड उघडणाऱ्या-मिटणाऱ्या दांड्याची, मूठ उजव्या अंगाला, चापाच्या जरा वर असते. उजवा नेमबाज गोळी झाडतो, चापावरचा हात उचलून मूठ वर करतो आणि दाराची कडी ओढावी तशी मागे खेचतो. रिकामी पुंगळी उडते. मूठ पुढे ढकलून खाली दाबली की हात परत चापावर. एवढ्यात दस्ता खांद्यावरून सुटत नाही, गालही जागचा हलत नाही.

आता तीच रायफल डाव्या खांद्याला लावा. चापावर डावा हात आहे आणि मूठ पलीकडच्या अंगाला. एक तर डावा हात रायफलीच्या पाठीवरून पलीकडे टाकायचा, म्हणजे आपलेच मनगट नेमाच्या आड येते. नाहीतर पुढून आधार देणारा उजवा हात काढून घ्यायचा, म्हणजे नळी खाली झुकते. पोत्यावर रायफल टेकवून आडवे झोपलेल्याला हा दुसरा मार्ग उलट सोयीचा पडतो, कारण डावा हात चापावर तसाच राहतो. पण उभ्याने किंवा गुडघ्यावर बसून? पहिल्या महायुद्धाआधी ब्रिटिश शिपायाकडून ३०० यार्डांवर मिनिटाला १५ नेमक्या गोळ्यांची अपेक्षा असे. डावखुऱ्याने हा हिशोब कसा जमवायचा?

बहुतेक माणसे उजवी, म्हणून बंदूकही उजवी, हे उत्तर खरे आहे, पण पुरे नाही. कारण गोष्ट बोल्टपेक्षा जुनी आहे. शत्रूच्या तोफांच्या कानांत, म्हणजे बत्ती द्यायच्या छिद्रांत, खिळे ठोकून त्या निकामी केल्या, असे आपण इतिहासात वाचतो. तसाच कान ठासणीच्या बंदुकीलाही असतो आणि तो नळीच्या उजव्या अंगाला असतो. जळत्या वातीने पेटणारी तोड्याची बंदूक असो वा नंतरची ठिणगीने पेटणारी चकमकीची, त्या कानापाशी रंजक, म्हणजे पेट घेणारी चिमूटभर दारू, ठेवायची. ती पेटली की भडका बाजूला उडतो. उजव्या खांद्यावरून मारणाऱ्याच्या चेहऱ्यापासून तो पलीकडे जातो. डाव्या खांद्याला लावली तर तोच भडका नाकासमोर. चकमकीचा घोडा, म्हणजे गारगोटी धरणारा खटका, चढवायचा तोही उजव्या अंगठ्याने. त्यात युरोपातल्या पलटणी खांद्याला खांदा लावून रांगेत उभ्या राहणार, एका हुकमाला एकच हालचाल करणार. तिथे एकाने उलट्या खांद्याला बंदूक लावणे कवायतीत बसणारे नव्हते. डावखुऱ्याला उजवे करून घेतले जाई आणि प्रश्न मिटे.

पुढे रंजक गेली, स्फोटक टोपीवर घोडा आपटून पेटणारी टोपीची बंदूक आली, तरी घोडा उजवीकडेच राहिला. प्रशियाने १८४१ मध्ये ड्रायझेची सुईची बंदूक स्वीकारली. बोल्टवर चालणारी, सैन्यात मोठ्या प्रमाणावर आलेली ही पहिली बंदूक. तिची मूठही उजवीकडे. भडक्याचे कारण आता उरले नव्हते, पण उजव्या खांद्याची कवायत हाडीमाशी मुरली होती. नंतर जर्मनीच्या माउझर आल्या, ली-एन्फिल्ड आल्या, सगळ्या त्याच घरच्या. ली-एन्फिल्ड आपल्याकडे इच्छापूरच्या कारखान्यात बनली आणि किती टिकली, तर उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला समारंभाने निरोप दिला तो २०२० च्या प्रजासत्ताकदिनी.

या सगळ्यात हाताइतकाच डोळ्याचाही प्रश्न आहे. दोन्ही हात पुढे करून तळव्यांमध्ये छोटा झरोका करा आणि त्यातून भिंतीवरचे घड्याळ पाहा. मग एकेक डोळा मिटा. ज्या उघड्या डोळ्याला घड्याळ झरोक्यातच दिसत राहते, तो तुमचा नेमाचा डोळा. हात उजवा आणि डोळा डावा अशी माणसे बरीच असतात. लंडनचे जुने बंदूककार अशा श्रीमंत शिकाऱ्यांसाठी दस्त्याला असा बाक देत की दस्ता उजव्या खांद्यावर टेकावा आणि नळी मात्र डाव्या डोळ्यासमोर यावी. दिसायला मोडक्या हातासारखे प्रकरण, पण काम चोख. पैसा असेल तर बंदूक माणसासारखी वाकते. शिपायाला ती सोय नव्हती.

बाजारात बदल आणला तो शिकाऱ्यांनीच. अमेरिकेत डावखुरे शिकारी लीव्हरच्या रायफलींकडे वळत, कारण गोळी भरायचा लीव्हर चापाखाली मधोमध असतो. इथाका ३७ ही १९३७ ची शॉटगन पुंगळी खालून टाकते, म्हणून तीही त्यांची आवडती. सॅव्हेज कंपनीने १९५९ मध्ये आपल्या ११० या रायफलीची डाव्या बोल्टची आवृत्ती काढली. आता डावा बोल्ट कारागिराकडून मुद्दाम बनवून घ्यायची गरज उरली नाही, तो दुकानात मिळू लागला.

स्वयंचलित रायफलींनी बोल्टची झटापट संपवली आणि नवीच पीडा आणली. पुंगळ्या आपोआप उजवीकडे उडतात. उजव्याच्या बाबतीत त्या बाहेर पडतात, डावखुऱ्याच्या मात्र तोंडापुढून जातात, आणि त्या तापलेल्या असतात. अमेरिकन सैन्याच्या एम-१६ बद्दल ही तक्रार इतकी होती की अमेरिकन मरीन्सनी १९८३ मध्ये स्वीकारलेल्या ए-२ आवृत्तीत पुंगळीच्या खिडकीमागे धातूचा एक उंचवटा दिला. पुंगळी त्यावर आपटून पुढे वळते. उपाय अंगठ्याच्या पेराएवढा, आणि सुचायला वीसेक वर्षे लागली.

त्याच सुमारास ब्रिटिशांनी मात्र उलटे पाऊल टाकले. १९८५ ची त्यांची एसए-८० बुलपप घाटाची आहे, म्हणजे यंत्रणा चापाच्या मागे, थेट गालापाशी. पुंगळी उजवीकडून उडते आणि पहिली गोळी भरायला ओढायची कॉकिंगची मूठही उजवीकडे असून प्रत्येक गोळीसरशी मागेपुढे धावते. डाव्या खांद्यावरून झाडली तर ती मूठ दात पाडील. म्हणून सगळ्यांनी उजव्यानेच शिकायचे, असा दंडक. त्यांची आधीची रायफल एसएलआर तरी डाव्या खांद्यावरून मारता येत असे. शिवाय हा प्रश्न फक्त डावखुऱ्यांचा नव्हता. भिंतीच्या डाव्या कोपऱ्याआडून गोळी मारायची तर उजवा सैनिकही रायफल डाव्या खांद्यावर घेतो, नाहीतर अर्धे अंग उघडे पडते. पुढे हेकलर अँड कॉख या जर्मन कंपनीने ही रायफल दुरुस्त केली. मुठीला अल्पविरामाचा आकार आला, भरवसा वाढला, पण रायफल उजवीची उजवीच राहिली.

हे अटळ होते असेही नाही. ऑस्ट्रियाची श्टायर एयूजी आणि फ्रान्सची फामास याही बुलपपच, दोन्ही एसए-८० च्या आधीच्या. एयूजीत डावा बोल्ट घालून खिडकीचे झाकण दुसऱ्या बाजूला लावता येते. फामासमध्ये पुंगळी ओढणारा आकडा आणि गालाची पट्टी यांची बाजू बदलली की झाले. आपली इन्सास रायफल बुलपप नाही, त्यामुळे डाव्या खांद्याला चालते, पण तिचा सेफ्टीचा खटका डाव्या अंगाला, उजव्या अंगठ्याच्या हिशोबाने. त्यासाठी डावखुऱ्याला पकड सोडावी लागते.

खेळातल्या रायफली याबाबतीत सर्वांत काटेकोर. दहा मीटर एअर रायफलीची अक्रोडाच्या लाकडाची मूठ तळहाताच्या घड्या जुळतील अशी कोरलेली असते. उजव्या हाताची मूठ डाव्यात नीट धरताच येत नाही. जर्मनीच्या फाइनवेर्कबाउ, वाल्थर आणि आन्शुट्झ डाव्या रायफली बनवतात, पण नवशिक्याच्या वाट्याला आधी येते ती क्लबची सामायिक रायफल, आणि ती बहुधा उजवी. स्वतःची डावी घ्यायची तर परदेशातून मागवायची. मुलाने पुढे खेळ सोडला, तर ती विकत घेणारा दुसरा डावखुरा शोधायचा.