संदर्भसूचीतील ग्रंथकारनाम
संदर्भसूचीच्या नोंदीत ग्रंथकाराचे नाव कोणत्या शब्दापासून सुरू करावे, त्याचे कोणते घटक पूर्ण व कोणते आद्याक्षरांनी द्यावेत आणि त्यांमध्ये कोणती विरामचिन्हे असावीत, यांविषयीचे संकेत. बहुतेक शैलींत आधी आडनाव, मग स्वल्पविराम व त्यानंतर व्यक्तिनाम किंवा त्याची आद्याक्षरे असा क्रम असतो. यादीचा वर्णानुक्रम ज्या शब्दावर लागतो, त्याला येथे नोंदशब्द म्हटले आहे.

नाव उलटे लिहिण्याची रीत ग्रंथसूची व ग्रंथालयीन तालिका (कॅटलॉग) यांतून संदर्भसूचीत आली, असे मानणे सयुक्तिक आहे. मध्ययुगीन यूरोपात लेखक व्यक्तिनामाने ओळखले जात व याद्याही त्यावरच लागत. जर्मन मठाधिपती योहानेस ट्रिथेमियस यांच्या १४९४ च्या सूचीत लेखक कालक्रमाने येतात. तिला जोडलेली वर्णानुक्रमणी व्यक्तिनामांची आहे. स्विस विद्वान कोनराड गेस्नर यांनी १५४५ च्या आपल्या ग्रंथसूचीत मुख्य नोंदी व्यक्तिनामाखालीच ठेवल्या. मात्र शोधणाऱ्याची अडचण ओळखून त्यांनी उलट्या क्रमाने लिहिलेल्या नावांची एक यादी आरंभी दिली. अँड्र्यू मॉनसेल यांच्या १५९५ च्या इंग्रजी ग्रंथसूचीत आडनाव हाच नोंदशब्द झाला. उलटक्रमाचे मूळ गेस्नर यांच्या यादीत दाखवता येते, हे खरे. तथापि तेथे तो केवळ सोयीचा आहे. मुख्य नोंदच आडनावाखाली आणणारे मॉनसेल यांचे पाऊल अधिक निर्णायक वाटते. पुढे अँटोनिओ पानित्सी यांचे ब्रिटिश म्यूझियमसाठीचे ९१ तालिका-नियम (१८४१) व अमेरिकन ग्रंथपाल चार्ल्स कटर यांची तालिका-नियमसंहिता (१८७६) यांतून ग्रंथकारनामाचे शास्त्र पक्के होत गेले.

लेखक व वर्ष कंसात देण्याच्या ‘हार्वर्ड’ पद्धतीचा उगम सामान्यतः एडवर्ड लॉरेन्स मार्क या प्राणिशास्त्रज्ञांच्या गोगलगायीवरील १८८१ च्या लेखात मानतात. ही पद्धत त्यांनी स्वतः रचली, की हार्वर्डच्या तुलनात्मक प्राणिशास्त्र संग्रहालयाच्या ग्रंथालयातील तालिकेवरून उचलली, हा वादाचा मुद्दा आहे. दुसरा तर्क निर्णायक पुराव्यावर उभा नसला, तरी तालिका व संदर्भसूची यांचे जुने नाते पाहता तो अधिक संभाव्य दिसतो. नामलेखनाच्या दृष्टीने या पद्धतीचा परिणाम मोठा झाला : मजकुरात एकटे आडनाव येऊ लागले आणि सूचीतील नोंदशब्द त्याच्याशी अक्षरशः जुळणे अनिवार्य ठरले.

उलटक्रम ‘व्यक्तिनाम आधी, कुलनाम शेवटी’ या रचनेवर बेतलेला आहे. सर्व नावे तशी नसतात. स्पॅनिश नावांत बहुधा दोन आडनावे असतात व नोंद पहिल्यावर लागते; पोर्तुगीज नावांत ती सामान्यतः शेवटच्यावर लागते. आइसलँडमधील नावाचा उत्तरार्ध प्रायः वडिलांच्या नावावरून बनतो, म्हणून तेथील याद्या व्यक्तिनामावर लागतात. ब्रह्मी (म्यानमारमधील) नावांत आडनावच नसते. ‘ऊ’ (पुरुषांसाठी) किंवा ‘डॉ’ (स्त्रियांसाठी; ‘डॉक्टर’ नव्हे) हे आदरार्थी शब्द असून ते नोंदशब्द होत नाहीत. चिनी व हंगेरियन नावे मुळातच कुलनामाने सुरू होतात, तेव्हा ती उलटण्याचे कारण नाही; पण परदेशी प्रकाशनासाठी लेखकाने स्वतःच क्रम फिरवलेला असल्यास पडताळा घ्यावा लागतो. ‘व्हान’ हा उपसर्ग नेदर्लंड्समध्ये वर्णानुक्रमात धरत नाहीत, बेल्जियममध्ये धरतात. एकाच रूपाची नावे त्यामुळे दोन देशांत दोन जागी सापडतात.

तालिकीकरणाचे मोठे अभ्यासक शि. रा. रंगनाथन यांचे नाव येथे उद्‌बोधक आहे. शियाली हे गाव, रामामृत हे वडील व रंगनाथन हे व्यक्तिनाम. ‘रंगनाथन, शि. रा.’ ही नोंद योग्यच आहे, पण तिच्यातील पहिला शब्द आडनाव नव्हे. तालिकीकरणाच्या तत्त्वांवरील १९६१ च्या आंतरराष्ट्रीय पॅरिस परिषदेने नोंदशब्द व्यक्तीच्या नागरिकत्वाच्या देशातील रूढीवरून व ते शक्य नसल्यास तिच्या भाषेतील रूढीवरून ठरवावा, असे तत्त्व मांडले. नाव ज्याचे, त्याचा क्रम मानणारे हे तत्त्व कोणत्याही एका शैलीच्या नियमाहून श्रेयस्कर होय.

आद्याक्षरे लिपीनुसार बदलतात. देवनागरीत पहिले अक्षर स्वरचिन्हासह घेतात. त्यामुळे विष्णू व वामन यांची ‘वि.’ व ‘वा.’ अशी वेगळी रूपे होतात, तर रोमन लिपीत दोघांचे आद्याक्षर एकच. लिप्यंतरित सूचीत दोन लेखक एक झाल्याचे आढळते, ते बहुधा यामुळे.

अनेक लेखक असल्यास शैलींत फरक पडतो. अमेरिकन मानसशास्त्रीय संघटनेच्या शैलीपुस्तिकेची सातवी आवृत्ती (२०१९) २० लेखकांपर्यंत सर्व नावे देते. त्याहून अधिक असल्यास पहिली १९, मग लोपचिन्ह (...) व शेवटचे नाव. वैद्यकातील व्हँकूवर शैलीत (१९७८ पासून) आडनावानंतर स्वल्पविराम व आद्याक्षरांनंतर पूर्णविराम नसतो. रूढ प्रघातानुसार सहा नावांनंतर ‘व इतर’ येते. आधुनिक भाषा संघटनेच्या शैलीत केवळ पहिलेच नाव उलटतात, कारण वर्णानुक्रमाला तेवढे पुरते.

समनामी लेखकांसाठी २०१२ पासून ऑर्किड हा सोळा अंकी ओळखक्रमांक उपलब्ध आहे. संस्था ग्रंथकार असल्यास तिचे नाव उलटत नाहीत. टोपणनाव ग्रंथावर छापलेले असेल तसेच देतात व खरे नाव चौकटी कंसात जोडतात.