सायकल घेऊन निघण्याआधी एवढं वाचा
(विकत घेणाऱ्या आणि महिन्याच्या भाड्याने नेणाऱ्या आमच्या पुण्यातल्या गिऱ्हाइकांसाठी)

"हिला लायसन्स लागतं का हो?" काउंटरवर हा प्रश्न रोज येतो. नाही लागत. पासिंग नाही, विमा नाही, हेल्मेटची कायद्याने सक्ती नाही (तरी घाला). मोटार वाहन कायद्याच्या लेखी पायडलची सायकल हे मोटार वाहनच नव्हे. पूर्वी पुण्यात सायकलला बिल्ला लागायचा, आणि संध्याकाळी बिनदिव्याची किंवा डबलसीट सायकल दिसली की पोलीस अडवायचे. घरात आजोबा असतील तर विचारा, किस्से निघतील.

बिल्ला गेला, रस्त्याचे नियम राहिले. सगळ्यात जास्त मोडला जातो तो एकेरी मार्गाचा. बाजीराव रस्ता शनिवारवाड्याकडे जातो, शिवाजी रस्ता स्वारगेटकडे. "चार दुकानं सोडून तर जायचंय" म्हणून उलटं घुसू नका. तेवढंच अंतर असेल तर उतरा आणि सायकल हातात धरून कडेने चाला. फूटपाथ चालणाऱ्यांचा, बीआरटीची लेन बसची. जंगली महाराज रस्त्यावर फूटपाथलगत सायकल ट्रॅक आहे, तो वापरा. त्यावर स्कूटर लावलेली असेल तर घंटी वाजवून उपयोग नाही, स्कूटर ऐकत नाही. लोणावळ्याला जाणाऱ्यांनी जुना हायवे धरावा, एक्स्प्रेस वेवर सायकलला बंदी आहे.

आता लावण्याबद्दल. पी-१ पाटीच्या बाजूला विषम तारखेला गाडी लावायची, पी-२ च्या बाजूला सम तारखेला. ३१ आणि १ या दोन्ही तारखा विषम, त्यामुळे महिना बदलताना लोक हमखास चुकतात. विजेचा डीपी, दुकानाचं शटर, सोसायटीचं गेट यांना साखळी अडकवू नका. अंधांसाठी फूटपाथवर उंचवट्याच्या पिवळ्या फरशा असतात, त्यांवर तर अजिबात नको.

कुलूप कुठे लावता हे आम्हाला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. एका पावसाळ्यात एक गिऱ्हाईक दुकानात आलं ते हातात नुसतं पुढचं चाक घेऊन. चाकात साखळी आणि कुलूप दोन्ही शाबूत. जाळीला फक्त चाक बांधलं होतं, आणि ते होतं क्विक रिलीजचं. चोराने खटका उघडला आणि बाकीची सायकल नेली. साखळी फ्रेम आणि मागचं चाक दोन्हींतून ओवा, मग खांबाला घाला. पुढच्या चाकाला दुसरं छोटं कुलूप चालेल.

सायकलला नंबरप्लेट नसते, म्हणून फ्रेम नंबर जपा. सायकल उलटी केलीत की पायडलचा दांडा ज्या जाड नळीतून जातो तिच्या खाली तो ठोकलेला दिसेल. आम्ही तो बिलावर लिहून देतो. बिलाचा आणि नंबरचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. चौकीत "काळी, लाल पट्ट्यांची" एवढंच सांगितलंत तर तशा सायकली शहरात ढिगाने आहेत.

बॅटरीची सायकल घेणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. मोटर २५० वॉटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत, तोवरच तिला सायकलची सवलत. "लिमिट काढून द्या ना" असं म्हणणारे आठवड्याला एक-दोन तरी येतात. आम्ही काढून देत नाही. बाहेरून काढलंत, तर कायद्याने ती मोटार वाहन झाली: रजिस्ट्रेशन, विमा, लायसन्स, हेल्मेट, सगळं आलं. अपघात झाला तर ते प्रकरण तुमच्या अंगावर शेकेल, आणि आमची वॉरंटीही संपली.

मागचा लाल दिवा आणि रिफ्लेक्टर आम्ही बसवूनच देतो. चिखलाने माखले की फडक्याने पुसा.

नव्या सायकलच्या ब्रेकच्या तारा पहिल्या महिन्यात ढिल्या पडतात. बिघाड समजू नका, घेऊन या. दहा मिनिटांत ताणून देतो, त्याचे पैसे नाहीत.