रोपं खोचली की खारफुटी उभी राहते?

दर 26 जुलैला, जागतिक कांदळवन दिनी, कोल्हापूरच्या ग्रुपांवर एक मजकूर फिरतो: ‘खाडीच्या चिखलात जितकी जास्त रोपं लावाल, तितकं जंगल वाढेल.’ घाट उतरून श्रमदानाला जाणाऱ्यांची तळमळ खरी आहे, म्हणून हे नीट समजून घ्यायला हवं.

खारफुटी (म्हणजे कांदळवनातली झाडं) साधारणपणे सरासरी समुद्रपातळी आणि उधाणाची भरती यांच्यामधल्या पट्ट्यात जगते. त्याखालचा मोकळा चिखल लागवडीला सोपा वाटतो, पण तिथे रोप फार वेळ पाण्याखाली राहतं. कोवळ्या खोडाला बार्नॅकल या छोट्या समुद्री जीवांची कवचं चिकटतात, ओझ्यानं ते वाकतं आणि लाटेबरोबर उपटून जातं. जागा योग्य असूनही उघडी असेल, तर आधी कारण शोधा. अनेकदा बांधानं भरतीचं पाणी अडवलेलं असतं, किंवा गुरं चरतात. बांधाला मोरी काढली आणि जवळ जुनी झाडं असली, की तिवराचं (खारफुटीची एक जात) बी पाण्याबरोबर आपसूक येऊन रुजतं.

ओहोटीला जुन्या झाडांची खालची कड पाहा. लागवड तिच्याखाली असेल तर ती टिकणं अवघड. 10 बाय 10 मीटरचे कायमचे चौकोन आखून 3, 6, 12 महिन्यांनी आणि पुढे निदान 5 वर्षं दरवर्षी मोजा: जिवंत रोपं, उंची, आपोआप उगवलेली रोपं. फोटो दर वेळी त्याच खुंटावरून. मर एकाच कडेला दिसली तर लगेच नवी रोपं खोचू नका. तिथे पाणी किती तास थांबतं ते आधी बघा.

कोल्हापुरात बसूनही जुनी-नवी उपग्रहचित्रं शेजारी ठेवून फरक दिसतो, मात्र एक-दोन वर्षांची रोपं त्यात सहसा ओळखू येत नाहीत.