लाळेतला रक्तगट आणि मुंबईत सुटलेलं कोडं

रक्तगट म्हटलं की बोटाला टोचलेली सुई आठवते. पण बहुतेक निरोगी माणसांचा रक्तगट त्यांच्या थुंकीवरूनही सांगता येतो. ए गटाच्या माणसाच्या लाळेत ए पदार्थ विरघळलेला असतो, बी गटाच्या लाळेत बी, आणि ओ गटाच्या लाळेत एच नावाचा पदार्थ. असे लोक ‘सिक्रेटर’. युरोपीय लोकांत ते साधारण ८० टक्के भरतात. उरलेल्यांच्या लाल पेशींवर गटाची खूण अगदी ठळक असते, लाळेत मात्र ती नसते.

तपासणी साधी आहे. परीक्षानळीत ए गटाच्या माणसाची लाळ घ्यायची, लाळेतली विकरं गटाचा पदार्थ तोडू नयेत म्हणून ती उकळत्या पाण्यात धरायची आणि वरची निवळ काढून घ्यायची. तिच्यात पातळ केलेलं अँटी-ए सीरम, म्हणजे ए पेशींच्या गुठळ्या करणारं द्रव्य, मिसळायचं आणि शेवटी ए गटाच्या पेशी घालायच्या. गुठळ्या झाल्या नाहीत, तर माणूस सिक्रेटर! कारण लाळेतल्या ए पदार्थाने सीरम आधीच खर्ची पाडलेलं असतं. नवखा माणूस इथे हमखास उलटा निष्कर्ष काढतो.

लांडस्टायनरने १९०१ मध्ये व्हिएन्नात रक्तगट मांडले, पण लाळेकडे लक्ष जायला पाव शतक गेलं. जपानमध्ये यामाकामीला लाळेत आणि वीर्यात गटाचे पदार्थ सापडले ते १९२६ मध्ये. पुढे १९३२ साली शिफ आणि सासाकी यांनी दाखवलं, की सिक्रेटर असणं हा प्रभावी आनुवंशिक गुण आहे आणि ए-बी-ओ गटाशी त्याचा वारसा बांधलेला नाही. माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं सर्वांत महत्त्वाचं वाक्य हेच, आणि आजही लोक नेमकं तेच विसरतात. अमुक गटाची माणसं जास्त सिक्रेटर असतात, असं मानायला आधार नाही. ए-बी-ओचं जनुक नवव्या गुणसूत्रावर आहे, सिक्रेटरचं एकोणिसाव्या.

निरोगी लोकांत सिक्रेटर किती, हे मोजण्याला वजन आलं ते पोटाच्या विकारांमुळे. लिव्हरपूलच्या क्लार्क आणि सहकाऱ्यांना १९५६ मध्ये लहान आतड्याच्या सुरुवातीच्या व्रणाच्या रुग्णांत नॉन-सिक्रेटर जास्त आढळले. पण ‘जास्त’ म्हणायचं, तर आधी धडधाकट माणसांत ते किती, हे ठाऊक हवं ना!

वारसा वेगळा, तर मग रक्तगट आणि सिक्रेटर असणं यांचा संबंध कुठे? उत्तराचा धागा मुंबईत हाती लागला. य. म. भेंडे, देशपांडे आणि भाटिया यांना काही माणसं अशी भेटली, की ती ओ गटाची वाटावीत, पण त्यांचं सीरम ओ पेशींच्याही गुठळ्या करी. पेशींवर ए नाही, बी नाही, एचसुद्धा नाही. लाळही तशीच रिकामी. लंडनच्या रेस, सँगर, मॉर्गन आणि वॉटकिन्स यांच्यासह हे निरीक्षण १९५२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. हाच आपला ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’. अशा माणसाला ओ गटाचं रक्तही चालत नाही, म्हणून आजही त्याच्यासाठी दात्यांची शोधाशोध होते.

यातून उलगडलं ते असं: एच हा पाया, आणि ए-बी त्यावर चढतात. पेशींवर पाया घालणारं जनुक एक, लाळेत घालणारं दुसरं. पाया नसेल तर वारशाने आलेला ए किंवा बी दिसतच नाही. अमेरिकेतल्या एका कुटुंबात ‘ओ’ दिसणाऱ्या आईच्या मुलीत बी कसा आला, हे रक्तगटांचा अभ्यासक लेव्हिन याने १९५५ मध्ये याच आधारे समजावलं.

१९९० च्या दशकात ही दोन्ही जनुकं, एफयूटी१ आणि एफयूटी२, हाती आली. ती एकोणिसाव्या गुणसूत्रावर शेजारीशेजारी निघाली. भारतीय बॉम्बे गटात एफयूटी१ मध्ये डीएनएचं एक अक्षर बदललेलं असतं आणि शेजारचं एफयूटी२ चक्क गायब असतं. शेजारीच असल्यामुळे दोन्ही बिघाड जोडीनेच पुढच्या पिढीत उतरतात. मुंबईतल्या त्या माणसांचं रक्त आणि लाळ दोन्ही रिकामी का होती, ते अशा रीतीने कळलं.