ब्रिटनमध्ये दोन वर्षे नोकरी : ‘यंग प्रोफेशनल्स’ व्हिसाची सोडत, पात्रता आणि कागदपत्रे

पदवी हातात आली आहे आणि काही काळ परदेशात काम करून पाहायचे आहे, असे म्हणणाऱ्या मुलामुलींपुढे बहुधा दोनच वाटा ठेवल्या जातात. एक म्हणजे शैक्षणिक कर्ज काढून तिथल्या विद्यापीठात प्रवेश घेणे आणि दुसरी म्हणजे तिथली एखादी कंपनी व्हिसा पुरस्कृत करायला तयार होईपर्यंत वाट पाहणे. ब्रिटनपुरती तिसरीही वाट आहे आणि तिची माहिती आपल्याकडे अजून पुरेशी पोहोचलेली नाही, असे मला वाटते. ‘इंडिया यंग प्रोफेशनल्स स्कीम’ या नावाने ओळखला जाणारा हा व्हिसा १८ ते ३० वयोगटातील भारतीय पदवीधरांना जास्तीत जास्त २४ महिने ब्रिटनमध्ये राहण्याची आणि काम करण्याची परवानगी देतो. त्यासाठी आधीपासून नोकरी मिळालेली असण्याची गरज नाही, पुरस्कर्ती कंपनी लागत नाही आणि इंग्रजीची परीक्षाही द्यावी लागत नाही. मे २०२१ मध्ये भारत आणि ब्रिटन यांच्यात स्थलांतराविषयी झालेल्या करारातून ही योजना आली आणि तिची पहिली सोडत फेब्रुवारी २०२३ मध्ये २,४०० जागांसाठी निघाली. वर्षभरात एकूण ३,००० जागा असतात.

येथे ‘सोडत’ हा शब्द शब्दशः घ्यायचा आहे. गुण, अनुभव, पगार किंवा विद्यापीठाचे नाव यांपैकी काहीही निवडीत मोजले जात नाही. म्हाडाच्या घरांची सोडत ज्यांनी पाहिली आहे त्यांना ही पद्धत लगेच समजेल. फरक एवढाच, की इथे अनामत रक्कम भरावी लागत नाही. सोडतीत नाव नोंदवणे पूर्णपणे विनामूल्य आहे. ‘पैसे भरा, सोडतीत नाव लावून देतो’ असे सांगणारा एजंट ज्याच्यावर त्याचा कोणताही ताबा नाही अशी गोष्ट विकत असतो, हे घरातल्या मोठ्या माणसांनाही समजावून सांगावे, कारण असे पैसे बहुतेक वेळा त्यांच्याच खात्यातून जातात.

सोडत आजवर वर्षातून दोनदा, साधारणपणे फेब्रुवारी आणि जुलै महिन्यांत निघत आली आहे आणि प्रत्येक वेळी ती फक्त ४८ तास खुली असते. तारीख ब्रिटिश सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावर जाहीर होते. अर्ज फारच छोटा असतो : नाव, जन्मतारीख, पासपोर्टचा तपशील, पासपोर्टच्या माहितीच्या पानाचे स्कॅन किंवा स्वच्छ छायाचित्र, दूरध्वनी क्रमांक आणि ई-मेल पत्ता. एका व्यक्तीने एका सोडतीत एकदाच अर्ज करायचा असतो. दोन-तीन वेळा अर्ज केल्याने संधी वाढत नाही. निकाल दोन आठवड्यांच्या आत ई-मेलने कळतो आणि निवड झाली नाही तर त्यावर अपील करता येत नाही, मात्र पुढच्या सोडतीत पुन्हा नाव नोंदवता येते.

निवडीचा ई-मेल आला म्हणजे व्हिसा मिळाला, असा समज अनेकांचा होतो. प्रत्यक्षात त्या ई-मेलने फक्त व्हिसासाठी अर्ज करण्याचा हक्क मिळतो. ई-मेलच्या तारखेपासून सहसा ९० दिवसांत ऑनलाइन अर्ज, सर्व शुल्कांचा भरणा आणि बोटांचे ठसे देणे ही तिन्ही कामे पुरी करावी लागतात. नव्वद दिवस पुष्कळ वाटतात, परंतु विद्यापीठ, बँक, पोलीस ठाणे आणि क्षयरोग तपासणी केंद्र अशा चार ठिकाणांहून कागद गोळा करायचे असल्यामुळे ते भराभर संपतात. म्हणून माझा आग्रह असा आहे की, सोडतीची तारीख जाहीर होण्यापूर्वीच पुढील दोन गोष्टी, म्हणजे कागदपत्रांवरील नाव आणि बँकेतील रक्कम, नीट करून ठेवाव्यात.

पात्रता

अर्जदार भारतीय नागरिक असावा. ब्रिटनमध्ये पोहोचण्याच्या नियोजित दिवशी त्याचे वय किमान १८ असावे आणि व्हिसाचा अर्ज त्याने एकतिसाव्या वाढदिवसापूर्वी केलेला असावा. अर्ज केल्यानंतर वयाची ३१ वर्षे पूर्ण झाली तरी अडचण येत नाही. परंतु सोडतीत नाव लागले आणि कागदपत्रे जमवता जमवता वाढदिवस उलटला, तर निवडीचा काही उपयोग उरत नाही. तिशीत असलेल्यांनी आपला वाढदिवस आणि हे नव्वद दिवस एकत्र मांडून पाहावेत.

शिक्षण ब्रिटनमधील पदवीच्या बरोबरीचे किंवा त्याहून वरचे हवे. दहावीनंतर केलेली पॉलिटेक्निकची पदविका यात बसत नाही, मग तिच्या जोरावर कितीही वर्षे नोकरी केलेली असो. जे शेवटच्या वर्षाला आहेत त्यांनी निकाल लागून पदवीचा पुरावा हाती येईपर्यंत थांबावे, हेच बरे. याखेरीज अर्जदारावर अठरा वर्षांखालील मुलांची जबाबदारी नसावी, मग ती मुले त्याच्यासोबत राहणारी असोत किंवा केवळ आर्थिकदृष्ट्या त्याच्यावर अवलंबून असोत. आणि यापूर्वी याच किंवा ‘यूथ मोबिलिटी’ या इतर काही देशांच्या तरुणांसाठीच्या अशाच योजनेच्या व्हिसावर तो ब्रिटनमध्ये राहिलेला नसावा. पती किंवा पत्नीला याच अर्जात सोबत नेता येत नाही. दोघांनाही जायचे असेल तर दोघांची नावे सोडतीत स्वतंत्रपणे यावी लागतात.

पैशांचा पुरावा

बहुतेक चुका इथे होतात, म्हणून हा भाग सावकाश वाचावा. अर्जदाराच्या खात्यात किमान २,५३० पौंडांइतकी रक्कम सलग २८ दिवस असली पाहिजे आणि त्यातला अठ्ठाविसावा दिवस अर्जाच्या तारखेआधीच्या ३१ दिवसांच्या आत आला पाहिजे. रक्कम रुपयांत असली तरी चालते. मात्र तिचे पौंडांतील मूल्य अर्जाच्या दिवशीच्या दरानुसार काढले जाते, त्यामुळे काठावरची रक्कम ठेवणे धोक्याचे आहे. हा आकडा साधारण तीन लाख रुपयांच्या घरात जातो. त्याच्या वर वीस-पंचवीस हजारांची सोय ठेवावी.

‘सलग’ या शब्दाचा अर्थ नेमका तोच आहे. समजा, खात्यात १ तारखेला पुरेशी रक्कम जमा झाली, सगळे सुरळीत चालले आणि १९ तारखेला म्युच्युअल फंडाचा दरमहाचा हप्ता आपोआप वळता झाला. शिल्लक त्या दिवशी मर्यादेच्या दोन हजार रुपये खाली गेली आणि दुसऱ्या दिवशी पगार आल्यावर पुन्हा वर आली. महिनाअखेरच्या शिलकीकडे पाहिले तर काहीच बिघडलेले दिसत नाही. परंतु तपासणारा अधिकारी प्रत्येक दिवसाची शिल्लक पाहतो आणि त्याच्या हिशेबात पहिले अठरा दिवस पुसले जाऊन मोजणी २० तारखेपासून नव्याने सुरू होते. म्हणून ही रक्कम ज्या खात्यातून कोणताही हप्ता, विमा किंवा यूपीआयचा खर्च जात नाही अशा वेगळ्या बचत खात्यात ठेवावी. खाते अर्जदाराच्या स्वतःच्या नावावर किंवा त्याचे नाव असलेले संयुक्त खाते हवे. वडिलांच्या खात्यातील मोठी रक्कम दाखवून सोबत त्यांचे संमतिपत्र जोडले तर ते येथे चालत नाही; ती रक्कम २८ दिवस आधी स्वतःच्या खात्यात आलेली असली पाहिजे. शेअर किंवा ओव्हरड्राफ्टची मर्यादा हीसुद्धा शिल्लक धरली जात नाही.

ही रक्कम खर्च करायची नसते, ती दाखवायची असते. प्रत्यक्ष खर्च निराळा आहे. व्हिसाचे शुल्क ९ एप्रिल २०२५ पासून ३१९ पौंड झाले. त्याखेरीज तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठीचा अधिभार वर्षाला ७७६ पौंड या दराने दोन वर्षांचा एकरकमी, म्हणजे १,५५२ पौंड, अर्जासोबतच भरावा लागतो. दोन्ही मिळून १,८७१ पौंड होतात, म्हणजे सव्वादोन लाख रुपयांच्या आसपास. हे दर ब्रिटिश सरकार वेळोवेळी वाढवते, त्यामुळे भरण्याच्या दिवशीचा आकडा अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावा. अर्ज नामंजूर झाला तर आरोग्य अधिभार परत मिळतो, व्हिसाचे शुल्क मात्र मिळत नाही. विमानाचे तिकीट आणि पहिल्या खोलीची अनामत रक्कम धरली तर पाच-सहा लाखांची तयारी असल्याशिवाय सोडतीत नाव नोंदवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. नोंदणी फुकट असली तरी पुढची वाट फुकट नाही.

नावाचा प्रश्न

महाराष्ट्रातील अर्जदारांना एक अडचण हमखास येते. आपल्याकडच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे आणि अनेकदा शेवटी आईचेही नाव छापलेले असते : ‘जाधव स्नेहल बाळासाहेब संगीता’. पासपोर्टवर त्याच मुलीचे नाव ‘स्नेहल बाळासाहेब’ आणि आडनावाच्या रकान्यात ‘जाधव’ असे असते. बँकेत ती नुसती ‘स्नेहल बी. जाधव’ असते. आपल्या नजरेला ही तिन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत, हे सांगावे लागत नाही. परदेशी अधिकाऱ्याला मात्र शेवटचा शब्द आडनाव वाटतो आणि ‘संगीता’ हे कुटुंबाचे नाव ठरते. सोडतीचा आणि व्हिसाचा अर्ज पासपोर्टवर जसे आहे तसेच नाव लिहून भरावा. बँकेतील नाव केवायसीचा अर्ज देऊन पासपोर्टप्रमाणे करून घ्यावे, कारण ते काम तुलनेने लवकर होते. गुणपत्रिका बदलत बसण्याची गरज नसते. पदवी प्रमाणपत्रासोबत, नावाच्या मांडणीतील फरक सांगणारे अर्धे पान साध्या शब्दांत लिहून जोडावे. लग्नानंतर नाव बदलले असेल, तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातील प्रसिद्धीची प्रत जोडावी. कागद केवळ मराठीत असेल, तर त्याचे इंग्रजी भाषांतर लागते आणि त्यावर भाषांतर अचूक असल्याचे निवेदन, तारीख, भाषांतरकाराचे पूर्ण नाव, सही व संपर्काचा तपशील असावा लागतो.

इतर कागदपत्रे

पदवीचा पुरावा म्हणून पदवी प्रमाणपत्र, विद्यापीठाची ट्रान्स्क्रिप्ट किंवा संस्थेच्या अधिकृत पत्रशीर्षावरील पत्र देता येते. पदवीदान समारंभ व्हायचा असेल, तर महाविद्यालयाच्या कार्यालयात जाऊन तसे पत्र मागून घ्यावे. त्यात अभ्यासक्रमाचे नाव, पदवी मिळाल्याचा स्पष्ट उल्लेख आणि तारीख असावी. ‘चांगल्या वर्तणुकीचा’ दाखला हा त्याला पर्याय नव्हे.

पोलिसांचा ना-हरकत दाखला, म्हणजे पीसीसी, पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावरून ५०० रुपये भरून मागता येतो. पासपोर्टवर सांगलीचा पत्ता आणि प्रत्यक्ष राहणे पुण्यात, अशी स्थिती असेल तर पडताळणीसाठी नव्या पत्त्याच्या पोलीस ठाण्यात जावे लागू शकते, त्यामुळे निवडीचा ई-मेल येताच पहिल्या आठवड्यात हे काम हाती घ्यावे.

क्षयरोगाची तपासणी ब्रिटिश गृह खात्याने मान्यता दिलेल्या केंद्रातच करावी लागते. गल्लीतल्या प्रयोगशाळेचा छातीचा एक्स-रे कितीही स्वच्छ असला तरी तो ग्राह्य धरत नाहीत. प्रमाणपत्र सहा महिने चालते. एक्स-रेत शंका आली तर थुंकीची तपासणी करतात आणि तिचा अंतिम अहवाल यायला आठ आठवड्यांपर्यंत वेळ लागू शकतो. नव्वद दिवसांच्या हिशेबात हे आठ आठवडे किती जड जातात ते वेगळे सांगायला नको. लहानपणी क्षयरोग होऊन गेला असेल त्यांनी तर हे काम सर्वांत आधी करावे.

ऑनलाइन अर्ज आणि भरणा झाल्यावर बोटांचे ठसे व छायाचित्र देण्यासाठी व्हीएफएस या व्हिसा अर्ज स्वीकारणाऱ्या कंपनीच्या केंद्रात वेळ घ्यावी लागते. मुंबई, पुणे आणि गोवा येथे अशी केंद्रे आहेत. त्यानंतर निर्णय साधारण तीन आठवड्यांत होतो. हा व्हिसा आता ई-व्हिसाच्या रूपात ब्रिटिश व्हिसा खात्याच्या ऑनलाइन खात्यात नोंदला जातो आणि कार्डाऐवजी त्या खात्यातून मिळणारा ‘शेअर कोड’ दाखवून नोकरी देणाऱ्याला व घरमालकाला आपला हक्क पटवावा लागतो. त्या ऑनलाइन खात्यात पासपोर्टचा क्रमांक बरोबर जोडलेला आहे ना, हे विमानात बसण्यापूर्वी पाहून घ्यावे.

तिथे गेल्यावर काय चालते, काय नाही

बहुतेक सर्व प्रकारची नोकरी करता येते, ती बदलता येते, दोन नोकऱ्या करता येतात आणि शिकताही येते, जरी काही विषयांसाठी वेगळी मंजुरी लागते. स्वतःचा व्यवसाय करायचा असेल, तर जागा भाड्याची असावी, साधनसामग्री ५,००० पौंडांहून अधिक किमतीची नसावी आणि पगारी माणूस ठेवू नये, अशा अटी आहेत. व्यावसायिक खेळाडू किंवा प्रशिक्षक म्हणून काम करता येत नाही आणि बहुतेक सरकारी भत्ते मिळत नाहीत.

हा व्हिसा वाढवता येत नाही. चोवीस महिन्यांची मुदत सुरू झाल्यावर तुम्ही उशिरा पोहोचलात, तर तेवढे दिवस कमी होतात. मधल्या काळात भारतात येऊन परत जाता येते, पण घड्याळ थांबत नाही. याच काळात एखाद्या परवानाधारक कंपनीने पुरस्कृत केले, तर ब्रिटनमध्ये राहूनच ‘स्किल्ड वर्कर’ व्हिसासाठी अर्ज करता येतो. मात्र २२ जुलै २०२५ पासून त्यासाठीची सर्वसाधारण पगारमर्यादा वर्षाला ४१,७०० पौंड झाली आहे, आणि अर्जाच्या वेळी वय २६ पेक्षा कमी असेल तर सवलतीची मर्यादा लागू होऊ शकते. म्हणजे तेविसाव्या वर्षी जाणाऱ्याला ती सवलत गाठता येईल, अठ्ठाविसाव्या वर्षी जाणाऱ्याला वयाच्या आधारावर ती मिळणार नाही. कायमच्या वास्तव्यासाठी लागणाऱ्या वर्षांत या योजनेतील दोन वर्षे धरली जात नाहीत, म्हणून कंपनीकडे पुरस्काराविषयी विचारणा करायची असेल तर ती व्हिसा संपता संपता न करता पहिल्या वर्षाच्या अखेरीसच करावी.