फेफरे, उन्माद आणि मधले दोन दिवस

खानदेशात, विशेषतः सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत, फेफरे आलेल्या माणसाच्या नाकाला अजूनही कांदा किंवा चप्पल लावली जाते; तो शुद्धीवर येऊन घोटभर पाणी प्यायला की घरच्यांच्या लेखी विषय संपतो. रावेरकडच्या केळीबागेतल्या एखाद्या मजुराला लागोपाठ तीन-चार झटके आले, दोन दिवस तो नीट वागला-बोलला आणि तिसऱ्या रात्री 'मला मारायला माणसं आलीत' म्हणून ओरडू लागला, तर त्याचा फेफऱ्याशी संबंध सहसा जोडला जात नाही. 'बाहेरचं लागलं' असे ठरते आणि भगताला बोलावणे जाते.

घरच्यांना दोष देण्यात अर्थ नाही, कारण झटके आणि भ्रम यांच्यामधला हा शुद्धीचा अवधी ध्यानात यायला वैद्यकालाही फार वेळ लागला. चरकसंहितेत उन्माद (वेड) आणि अपस्मार (फेफरे) यांचे अध्याय वेगळे, पण एकापाठोपाठ आहेत. युरोपात एकोणिसाव्या शतकात फेफऱ्याचे अनेक रुग्ण वेड्यांच्या इस्पितळातच ठेवले जात. साहजिकच दोन्ही आजार एकाच कुळातले वाटत. पुढे मत नेमके उलटले. हे दोन आजार एकमेकांचे वैरी आहेत, असे मानून बुडापेस्टचे डॉक्टर मेडुना यांनी १९३४ मध्ये स्किझोफ्रेनिया या भ्रम-भासाच्या मनोविकाराच्या रुग्णांना कापूर टोचून मुद्दाम झटके आणले, आणि १९३८ मध्ये रोममध्ये सेर्लेत्ती व बिनी यांनी त्यासाठी वीज वापरली. उपचार टिकला, सिद्धांत मात्र टिकला नाही.

१९५३ मध्ये स्वित्झर्लंडच्या लांडोल्ट यांनी, फेफऱ्याच्या काही रुग्णांत भ्रम सुरू होताच मेंदूतल्या विद्युतलहरींचा आलेख सुधारतो, असे नोंदवले. १९६३ मध्ये इंग्लंडमध्ये स्लेटर आणि सहकाऱ्यांनी ६९ रुग्ण तपासले, तेव्हा मनोविकार फेफऱ्यानंतर सरासरी १४ वर्षांनी उद्भवल्याचे दिसले. झटक्यांनंतरचे शुद्धीचे दिवस आणि त्यामागून येणारा भ्रम यांचे नेमके वर्णन लॉग्जडेल व टून यांनी केले, तेही १९८८ मध्ये. आजच्या अंदाजाने फेफऱ्याच्या शंभर रुग्णांत पाच-सहा जणांना यांपैकी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा भ्रमाचा मनोविकार होतो, बाकीच्यांना नाही.

कायद्याने मात्र सर्वांना एकाच दावणीला बांधले होते. हिंदू विवाह कायद्यात १९७६ मध्ये 'वेडाचे किंवा अपस्माराचे वारंवार झटके' येत नसावेत, ही लग्नाची अट आली आणि त्यातला अपस्मार १९९९ मध्ये वगळला गेला. सोयरीक जुळवताना मुलीची फेफऱ्याची गोळी अजूनही 'ताकदीची गोळी' म्हणून डब्यात जाते, सासरी ती चुकते, आणि झटके पुन्हा लागोपाठ येऊ लागतात.