पुदुच्चेरीचं फ्रेंच लिसे टिकलं कसं?

परदेशातली फ्रेंच शाळा म्हटलं की राजदूतांची नि बदलीवर आलेल्या इंजिनिअरांची मुलं डोळ्यांपुढे येतात. बहुतेक शहरांत ते खरंही आहे. पुदुच्चेरीत मात्र लिसेच्या, म्हणजे तिथल्या फ्रेंच शाळेच्या, फाटकाबाहेर उभ्या पालकांच्या तोंडी तमिळ असतं आणि त्यांतल्या बऱ्याच जणांच्या खिशात फ्रेंच पासपोर्ट. हे कोडं उलगडायचं तर दोनशे वर्षं मागे जावं लागतं.

1816 मध्ये इंग्रजांनी पाँडिचेरी फ्रान्सला परत केली. दहा वर्षांनी, 1826 मध्ये, गव्हर्नर देबासँ द रिशमाँ यांनी तिथे ‘कॉलेज रॉयाल’, म्हणजेच आजचं लिसे, काढलं. ते होतं गोऱ्यांच्या आणि मिश्रवंशीयांच्या मुलांसाठी. तमिळ मुलांना दारं उघडायला बराच काळ गेला. दरम्यान काल्वे सुब्राय चेट्टियार या स्थानिक धनिकाने वेगळी शाळा उभी केली, ती आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते.

खरी कलाटणी 1881 च्या एका फर्मानाने दिली. जातीचे, वारशाचे पारंपरिक कायदे सोडून फ्रेंच नागरी कायदा स्वीकारायची मुभा भारतीयांना मिळाली. असं करणाऱ्यांना ‘रनोंसाँ’, म्हणजे त्याग करणारे, म्हणत. त्यांना आडनाव घ्यावं लागे. या चळवळीचे पुढारी वकील पोन्नुतंबी पिळ्ळै यांनी ‘लापोर्त’ घेतलं. लापोर्त म्हणजे दरवाजा! पुढे या समाजातली अनेक माणसं फ्रेंच फौजेत आणि वसाहतींच्या कारभारात शिरली, इंडोचायनापर्यंत गेली.

18 ऑक्टोबर 1954 ला पाँडिचेरीजवळच्या किळूर गावी भारतात विलीन व्हायचं का यावर मतदान झालं. 178 प्रतिनिधींपैकी 170 जण विलीनीकरणाच्या बाजूने. 1 नोव्हेंबरला कारभार भारताकडे आला आणि 28 मे 1956 ला करारावर सह्या झाल्या. त्या करारातच एक कलम आहे: फ्रेंच कॉलेज, म्हणजे हेच लिसे, आहे त्याच जागेत, फ्रेंच शिक्षणसंस्था म्हणूनच चालू राहील. फ्रान्सच्या संसदेने मंजुरी द्यायला मात्र 1962 उजाडलं, कारण अल्जीरिया या फ्रेंच वसाहतीच्या स्वातंत्र्याचा प्रश्न मिटेपर्यंत कुणी वसाहत सोडल्याची कागदपत्रं काढायला तयार नव्हतं. करार अमलात आल्यावर सहा महिन्यांत लेखी अर्ज करून फ्रेंच राहता येत होतं. काही हजार लोकांनी तो केला. आजचे बहुतेक तमिळ फ्रेंच नागरिक त्यांचेच वंशज.

गोव्याशी तुलना केल्याशिवाय या कलमाची किंमत कळत नाही. पणजीच्या आल्तिनोवर पोर्तुगीजांचं लिसेव होतं, गोव्याच्या कित्येक पिढ्या तिथे घडल्या. 1961 मध्ये गोवा लष्करी कारवाईने मुक्त झाला, पोर्तुगालने ते मान्य केलं थेट 1974 मध्ये. मधल्या काळात शाळेबद्दल बोलणार कोण आणि कुणाशी? लिसेव बंद पडलं. पोर्तुगीज पासपोर्टाची वाट गोवेकरांनाही उरली, पण त्याच्या जोडीची शाळा गेली. माझ्या मते पाँडिचेरीकरांच्या फ्रेंचपणात आणि गोव्यातल्या पोर्तुगीज कागदपत्रांत जो फरक जाणवतो, तो बराचसा इथला आहे.

1990 पासून परदेशातल्या फ्रेंच शाळांचा कारभार पाहणारी एक फ्रेंच सरकारी संस्था आहे. तिच्या जाळ्यात 130 हून अधिक देश येतात, मुंबई-दिल्लीच्या शाळाही येतात. अभ्यासक्रम पॅरिसचाच, शेवटी ‘बाकालोरेआ’ ही शाळा संपतानाची परीक्षा. फी सामान्य घराला झेपणारी नसते, पण फ्रेंच नागरिकांच्या मुलांना उत्पन्न पाहून शिष्यवृत्ती मिळते. म्हणून निवृत्त सैनिकाचा नातूही या वर्गात बसू शकतो. ही परीक्षा झाली की बरीच मुलं फ्रान्सची वाट धरतात. घरी उरतात आजी-आजोबा.

14 जुलैला, फ्रान्सच्या राष्ट्रीय दिनी, समुद्रकाठच्या युद्धस्मारकापाशी हेच आजोबा छातीवर पदकं लावून येतात आणि ‘मार्सेएज’ हे फ्रान्सचं राष्ट्रगीत म्हणतात. निवडणुका आल्या की फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षासाठी मत द्यायलाही हीच मंडळी रांगेत असतात.